गेटावरची झडती

“ओचा झटका,” वॉचमन म्हणाला, आणि मी झटकला.

तांदळाचे दाणे फरशीवर सांडले. कुंकवाची पुडी पडून फुटली. झेंडूचं फूल एका गाडीखाली गेलं. झटकून झाल्यावर माझे दोन्ही हात पुन्हा खांद्यांच्या वर गेले. कुणी सांगितलं नव्हतं. लुगडं पुढून ढिलं झालेलं, ते सावरायचं सोडून मी हात वर करून उभी.

खंडेनवमी होती, दसऱ्याला जोडून सुट्टी. एरवी रिकामे असणारे फ्लॅट भरलेले. दहा-पंधरा माणसं गोळा झाली. वरच्या बाल्कन्यांतूनही बघत होती. दुसऱ्या मजल्यावर, जिच्या फ्लॅटची साफसफाई मी करते ती बाई चहाचा कप घेऊन उभी होती. तिने मला बघितलं. मग ती आत गेली आणि दार सरकवून घेतलं.

“हे काय, करणी वगैरे?” सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं. बुटाच्या टोकाने त्याने तांदूळ उकरून बघितले.

“काही नाही सर. तांदूळच आहेत,” वॉचमन म्हणाला.

“मग सोड. पण पुन्हा तिकडून येताना दिसली तर सरळ पोलिसात द्यायची.”

दिसली. द्यायची. सकाळी त्याच तोंडाने मला मावशी म्हणून त्याने जिना परत पुसायला लावला होता.

तिकडून म्हणजे मागच्या शेडमधून. वलवणच्या अंगाला पूर्वी विजेच्या मोटारी करायचा कारखाना होता. त्यात वाइंडिंगचं खातं सगळं बायांचं. तांब्याची तार यंत्रावर गुंडाळून आम्ही कॉइल करायचो. औंढ्याहून, आमच्या गावाहून, आम्ही चालत यायचो. लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी लागले आणि टाळं लागेपर्यंत तिथंच होते.

तांबं महाग. म्हणून सुटताना रोज झडती. गेटाशी एक खोली, तिला पडदा. आत झडतीची बाई. भोंगा झाला की रांग लागायची. हात वर, ओचा झटकायचा, पुढं व्हायचं. भाजीला काय करणार हे मागचीला विचारता विचारता हात वर जायचे. झडतीवाली चेष्टा करायची, “का गं, आज ओच्यात कारखाना न्हाई आणला?” आम्ही हसायचो. कुणाला काही वाटायचं नाही. साहेबांच्या गाडीची डिकी कधी कुणी उघडली नाही, तेही आम्ही रोजच बघायचो. त्याचंही काही वाटायचं नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा उरलेलं तांबं ट्रकांनी गेलं. आम्ही गेटाबाहेर उभ्या राहून बघितलं.

मग पुढच्या जागेवर टॉवर झाले. कॅन्टीन होतं तिथं पोहण्याचा तलाव झाला. सायकल स्टँडवर गाड्या लागतात. गेट तिथंच आहे, फक्त नवं. मागची वाइंडिंग शेड कोर्टात अडकली म्हणून राहिली. पत्रे फुटले, भिंतीतून उंबर निघाला. फ्लॅटवाले म्हणतात, तिकडून साप येतात, आणि बाल्कनीतून बघायला घाण वाटतं. शनिवार-रविवार येणारी माणसं. त्यांच्या फ्लॅटमध्ये मला काम मिळालं, नंतर माझ्या सुनेलाही.

आमच्या खात्याची एक रीत होती. खंडेनवमीला बाकीच्या खात्यांत यंत्राला हार घालायचे, नारळ फोडायचे. आम्ही बाया यंत्राची ओटी भरायचो. खण, नारळ, तांदूळ. आणि भरणारीने त्यातले चार दाणे आपल्या ओच्यात परत घ्यायचे. कुणी सुरू केलं माहीत नाही. बंद पडल्यावर बाकीच्यांनी सोडलं, मी सोडलं नाही. यंत्र केव्हाच भंगारात गेलं. जमिनीत बोल्ट मारलेला लोखंडी पाया तेवढा उरला. मी त्याचीच ओटी भरते. माया वगैरे काही नाही. सवय.

त्या खंडेनवमीलाही काम उरकून मी मागच्या भिंतीच्या खिंडारातून शेडमध्ये गेले. ओटी भरली, कुंकू लावलं, दाणे ओच्यात घेतले आणि आले त्याच वाटेने परत निघाले. त्याच आठवड्यात एका रिकाम्या फ्लॅटमधले नळ चोरीला गेले होते. खिंडारातून बाहेर पडताना वॉचमनने मला बघितलं आणि गेटाशी आणलं.

झडतीनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईने वर बोलावलं. म्हणाली, “मावशी, मला मध्ये पडता येत नाही. कमिटीचा विषय आहे. तुम्ही मनावर घेऊ नका.” आणि श्रीखंडाचा डबा दिला. खाली गेटावर तो डबाही उघडून बघितला गेला.

घरी येऊन मी भाकरी थापायला बसले. पीठ मळताना हातांकडे लक्ष गेलं. तेव्हा मला नीट आठवलं. वॉचमनने हात वर करा असं म्हटलंच नव्हतं. गेटाशी आल्यावर तो एवढंच म्हणाला होता, “मावशी, जरा थांबा.” हात मीच वर केले. मी वर केले म्हणून पुढं ओचा झटका म्हणायला त्याची जीभ रेटली. भर गेटावर, पडदा नाही, बाई नाही, आणि मी रांगेतल्यासारखी उभी राहिले. चोर कसा उभा राहतो हे मीच त्या सगळ्यांना दाखवलं. भाकरी करपली. मी ती तशीच खाल्ली.

दसरा झाल्यावर सोसायटीने नियम केला. कामवाल्या बायांनी सुटताना झडती द्यायची. ड्रायव्हर, सुतार, पार्सलवाले यांना नाही. झडतीला एक बाई ठेवली, पण खोली नाही. गेटावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

पहिल्या संध्याकाळी रांग लागली. माझा नंबर आला.

“मावशी, हात.”

मी पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला. धरावाच लागला. हात वर जायला बघत होते.

“हात करा ना, मावशी.”

“न्हाई.”

“सगळ्यांनी केले की.”

“त्यांनी केले. मी करायची न्हाई. ज्या दिशी गाड्यांच्या डिक्या उघडताल, त्या दिशी मला हाक मारा.”

मला वाटलं होतं, मागून कुणीतरी बोलेल. बोललं. पाठीमागची बाई म्हणाली, “हातांना काय सोनं लागलंय का गं तुझ्या? कर की वर. नळाला पाणी यायची येळ झाली.” दोघी-तिघी हसल्या. तिचं चुकलं नव्हतं. पाणी खरंच थोडा वेळ येतं.

सेक्रेटरी आला. माझ्या गळ्यातलं गेटपासचं कार्ड काढून घेतलं आणि म्हणाला, “उद्यापासून नको.” मी बाजूला झाले. रांग पुढं सरकली. माझ्यामागे तिसरी माझी सून होती. तिने माझ्याकडे न बघता हात वर केले आणि बाहेर आली. औंढ्यापर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. ती पुढं, मी मागं.

नळ कुणी नेले ते अजून कळलेलं नाही. आता कुणी विचारतही नाही. शेडचा निकाल लागला, ती पाडायला घेतली आहे. भिंती पाडताना धूळ फार उडते, म्हणून फ्लॅटवाले खिडक्या लावून घेतात.

मी रोज संध्याकाळी, बाया सुटायच्या वेळेला, गेटासमोर रस्त्यापलीकडच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसते. बोलत नाही. झडती होते ती सगळी बघते. झडतीवाल्या बाईने उठायला सांगितलं. मी म्हणाले, रस्ता सोसायटीचा नाही. सेक्रेटरीने एकदा गाडीची काच खाली केली, बघितलं, वर केली. बायांनाही मी आवडत नाही. एक म्हणाली, म्हातारी भुतासारखी बसते.

परवा सून म्हणाली, “आत्या, तुमी नका येत जाऊ तितं. तुमच्या म्होरं हात वर करताना लाज वाटती.”

“वाटू दे,” मी म्हणाले. “मला कधी वाटलीच न्हाई. म्हणून तर एवढं झालं.”

ती चिडली. घर आता तिच्या कामावर चालतं, हे तिने बोलून दाखवलं. खरं आहे ते. काम सोड असं तिला सांगायची माझी ऐपत नाही, आणि मी सांगणारही नाही. पण बसायचं मी सोडणार नाही. कुणी शिव्या दिल्या तरी, पोलीस आणला तरी. त्या रांगेतल्या एकीचे तरी हात अर्ध्यावर थांबेपर्यंत मी तिथं असणार. थांबतील की नाही, मला माहीत नाही.

मी औंढ्याची बाई. चौथी शिकलेली. त्या गेटावर आधी कारखान्याने माझी झडती घेतली, मग सोसायटीने. ही ऐकलेली गोष्ट नाही. माझ्याच अंगावर झालेलं आहे.