तीस मैल, वीस मिनिटं

बासष्टच्या लढाईआधी माझी बदली पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका धावपट्टीवर झाली. मी सिग्नलचा हवालदार. रोज सकाळी सहाला वायरलेसवर खालच्या धावपट्टीला हवा विचारायची आणि सुबेदारसाहेबांना सांगायची. इस्पितळ खाली होतं. मधलं अंतर तीस मैल, डाकोटा विमानाला वीस मिनिटं, पायवाटेनं चार दिवस. हे आकडे मला तोंडपाठ होते आणि त्याची फार घमेंड होती.

लान्स नाईक महादू आमच्याच भागातला. तो उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरचा, मी वैशाखऱ्याचा. त्याचा शहापूर तालुका भारी की माझा मुरबाड, यावरून आमची रोज जुंपायची. "तुमच्या मुरबाडात रेल्वे तरी हाय का रे?" असं म्हणून तो मला गप्प करायचा.

एका दुपारी धावपट्टीच्या कडेचे दगड काढताना दरड घसरली आणि महादूचा पाय गुडघ्याखाली चेचला. नर्सिंग हवालदारानं जखम बांधली आणि साहेबांना सांगितलं, "पाच दिवसांत ऑपरेशन झालं पाहिजे. नाहीतर विष अंगात भिनेल."

साहेबांनी मला विचारलं, "हवाई जहाज येईल? नाहीतर आत्ता स्ट्रेचर काढतो. माणसं आहेत."

आठवडाभर एकही फेरी चुकली नव्हती. मी म्हणालो, "उद्या सकाळी नक्की, साहेब."

महादूनं मला जवळ बोलावलं. "झोळी बांध ना रे. चौघं घे, निघू."

आमच्याकडे कोणी आजारी पडलं की गाडीची वाट बघत बसत नाहीत. बांबूला गोधडी बांधायची, माणूस आत घालायचा आणि चालू पडायचं. चौघे दमले की दुसरे चौघे. महादूनं अशा कितीतरी झोळ्या शहापूरला पोचवल्या होत्या. मी हसलो. "चार दिवस हाल कशाला? वीस मिनिटांत पोचशील."

दुसऱ्या दिवशी सहाला उत्तर आलं. "मौसम बंद. स्टँड बाय. ओव्हर." दिवसभर आभाळ मोकळं व्हायची वाट बघितली. तिसऱ्या दिवशी तेच. आता निघून वेळेत पोचणं नाही, हा हिशेबही सगळ्यात आधी मलाच कळला. चौथ्या दिवशी त्याला ताप चढला. मी सेटपाशीच बसून राहिलो. त्याच्यासमोर जायची लाज वाटत होती.

सहाव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला महादू गेला. आठ वाजता आभाळ मोकळं झालं. नऊला डाकोटा आली आणि त्याला घेऊन गेली. मी घड्याळ बघत होतो. बरोबर वीस मिनिटांनी खालून निरोप आला, "लँडेड. ओव्हर."

रजेवर आलो तसा उंबरमाळीला उतरून पाड्यावर गेलो. महादूची आई ओटीवर तांदूळ निवडत होती.

"इस्पितल लांब होतं का रे?"

"विमानानं वीस मिनिटं, काकी."

"नि चालत?"

"चार दिवस."

तिचे हात थांबले. "झोळीला चौघं नाय मिळाली का रे?"

खोटं बोलता आलं असतं. "होती, काकी. तो मागत होता. मीच नको म्हणालो."

तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं वळचणीकडे बोट केलं. तिथं एक लांब बांबू खोचलेला होता. दोन्ही टोकं खांद्यांनी गुळगुळीत झालेली.

"ह्यो त्यानीच तोडून आणलाय. पाड्याची झोळी अजून ह्याच्यावरच जाते."

त्या बांबूला हात लावायची माझी छाती झाली नाही.