कुप्यासाठी तंगूस

दोन हजार अठरा साल, मला अडुसष्ट पुरी झालेली. पाऊस संपून बोटी पाण्यात उतरल्या होत्या आणि थोरल्या मुलानं अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबा, यंदा खोल समुद्रात तू नको. तुझ्या जागी खलाशी घेतो. आचोळ्याला ताईच्या फ्लॅटवर जा, आराम कर."

आराम! दुसरीत शाळा सोडली ती होडीत बसायला, फ्लॅटात बसायला नाही.

आमच्या वसईच्या बंदरात काम जाळ्याचं. पण मोठा कुपा, ज्याला आता सगळे टुना म्हणतात, तो गळाला लावून हातानं ओढणारे थोडे. त्यात मी पहिला. हे मी सांगत नाही, बंदर सांगतं. बरं, मीही सांगतो.

"मग पैज," मी म्हणालो. "बोटीच्या एका बाजूला तुझी दोरी, एका बाजूला माझी. तुझ्या दोरीवर कुपा आला तर मी आचोळ्याला जातो. माझ्यावर आला तर मरेपर्यंत ही जागा माझी."

मुलानं मुंबईहून विणलेला हिरवा दोरा आणला होता, शिवणाच्या दोऱ्याहून जरासा जाड. म्हणाला, "तुझ्या तंगुसाएवढाच दम धरतो, आनि बारीक म्हनून फिरकीवर किती लांब मावतो बघ." खोटं नव्हतं ते. पण त्या दोऱ्याला ताण खायची सवय नाही. कुप्यानं हिसका दिला की गळ जबडा फाडून बाहेर येतो, आणि हातानं ओढायला गेलं तर तळवा कापतो.

तंगूस म्हणजे नायलॉनची सरळ, काचेसारखी दोरी. ती जराशी लांबते, मासा दमतो. फक्त जाडी जमली पाहिजे. बारीक घेतली तर तुटते. जाड घेतली तर निळ्या पाण्यात कुप्याला दिसते, त्याचे डोळे केवढे! बाजारात मी पुड्यावरचा आकडा बघत नाही. खालच्या ओठावरून दोरी ओढत नेतो. कुठं खरखर लागली की परत. दुकानदार ओरडला, "काका, विकत घ्यायची का चाखायची?" मी सगळ्या चाखल्या आणि मधल्या जाडीची घेतली.

घरी येऊन माडाला बांधली, गाठीला थुंकी लावली आणि पाय रोवून ओढली. बायको बोंबील वाळत घालत होती. "माड उपटू नका हां," ती म्हणाली, "म्हाताऱ्यापेक्षा नारळ कामाचं."

पाण्याचा गढूळपणा संपून निळं लागलं तिथं आम्ही जिवंत बांगडे गळाला लावून सोडले. ऊन चढल्यावर माझ्या बाजूचा तंगूस सरसरत निघाला. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, तरी चटका बसला. कुपा सरळ खाली गेला आणि जातच राहिला. एवढा पळणारा मी जन्मात बघितला नव्हता. टोपलीतली वेटोळी भराभर संपायला लागली.

"बाबा, दोरी संपली तर तोडंल!"

"दिसतंय मला!"

मुलानं विचारलं नाही. आपला हिरवा दोरा तोडला आणि माझ्या तंगुसाच्या शेवटाला बांधायला बसला.

"वेढे जास्त घाल, बारीक दोरा घसरतो. थुंकी लाव."

"मला कोनी शिकवलं? गप ओढ!"

गाठ माझ्या बोटांतून पाण्यात गेली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. ती टिकली. मग हिरवा दोरा सुटत राहिला, आणि शेवटी थांबला. मुलानंही हाताला चिंध्या गुंडाळल्या आणि आम्ही दोघांनी मिळून ओढायला घेतलं; तो पुढं, मी मागं. कुपा बोटीला लागल्यावर काठीची आकडी मुलानं मारली. उभा केला तर माझ्या छातीएवढा उंच भरला असता.

परतीला तो म्हणाला, "पैज कोन जिंकलं?"

"कुप्याच्या तोंडात दोरी कोनाची होती?"

"आनि आपल्या हातात कोनाची होती?"

वाद बंदरापर्यंत चालला. लोकांनी मासा बघायला गर्दी केली, फोनवर फोटो काढले, आणि मी मधोमध उभा राहिलो. मुलगा बाजूला सरला नाही, मीही सरलो नाही. बायकोनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोघं जिंकलं, नायतर दोघं हरलं. मासा उन्हात हाय, आधी बर्फ घाला." जागेचा निकाल काही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, तो उठायच्या आत मी बोटीवर गेलो, त्याच्या फिरकीवरच्या हिरव्या दोऱ्याला माझा तंगूस भरपूर वेढे देऊन जोडला, आणि पुढच्या टोकाला माझ्या जागेवर जाऊन बसलो.