खंडारे मॅडमचा अर्धा निकाल

वकिलाने तारीख मागितली की खंडारे मॅडम त्याच्याकडे बघतच नसत. त्यांची नजर त्याच्या मागे उभ्या असलेल्या पक्षकारांवर जाई. "कुठून आलात? घरून किती वाजता निघालात?" एवढं विचारून झालं की वकिलाला म्हणत, "तारीख का पाहिजे ते मला नका सांगू. यांच्याकडे तोंड करून सांगा." भलेभले अडखळत. बाहेर जाऊन त्यांची नक्कलही करत.

जिल्हा न्यायाधीश म्हणून त्या आमच्या कोर्टात आल्या, तेव्हा मी त्यांचा लघुलेखक होतो. मूळच्या वऱ्हाडातल्याच, पण पलीकडच्या जिल्ह्यातल्या. वडील कोर्टात पट्टेवाले. "बाबांनी आयुष्यभर लोकांची नावं पुकारली," त्या एकदा म्हणाल्या, "पण त्या लोकांचं पुढं काय झालं, ते त्यांना कधी कळलं नाही." एरवी भाषा प्रमाण, काटेकोर, चिडल्या की मात्र गावची बोली बाहेर पडे. खालच्या कोर्टाचा एखादा निकाल वाचताना फाईल आपटून म्हणत, "राऊत, अपील म्हणजे माणसानं मारलेली दुसरी हाक हाय. पयलीले कोनी ओ देल्ली नाई म्हनून तो इथलोक आला!"

अशीच एक हाक शेवंताबाईंची होती. त्या आसेगावच्या. नवरा वारल्यावर दिराने शेतातला वाटा नाकारला, खालच्या कोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. अपील आमच्याकडे कितीतरी वर्षं पडून होतं. दिराचा वकील कधी आजारी, कधी परगावी, कधी कागद वाचायचे राहिलेले. मॅडमनी त्याचा शेवटचा अर्ज फेटाळला आणि सलग दोन दिवस युक्तिवाद ऐकला. शेवंताबाई दोन्ही दिवस बाकावर ताठ बसून होत्या.

मॅडमनी मला निकाल तोंडी सांगून लिहवायला सुरुवात केली. बारा पानं टाइप झाली होती. तेवढ्यात बदलीचा हुकूम आला: आजच कार्यभार सोडावा. मॅडमनी दोन दिवसांची मुदत मागितली. वरून उत्तर आलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या सांगत राहिल्या, मी टिपून घेत राहिलो. मुद्दे अजून निम्मे बाकी होते. "घाईत चार ओळी टाकून मोकळं होता येतं," त्या म्हणाल्या, "पण तसला निकाल वरच्या कोर्टात पहिल्याच दिवशी उडेल." आणि अर्ध्या निकालाला कायद्यात किंमत नसते. नवीन न्यायाधीशांना सगळं पुन्हा ऐकावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मॅडम व्हरांड्यात निकालासाठी आलेल्या शेवंताबाईंपाशी गेल्या. "मावशी, माझ्या हातून झालं नाही."

"म्हंजे परत पयल्यापासून?"

"हो."

"मंग मले दोन दिस काहून बसोलं, बाई?" शेवंताबाई रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. गाडीत बसताना मॅडमनी दार इतक्या जोरात ओढलं की ड्रायव्हर दचकला.

पुढे त्यांच्या आणखी दोन बदल्या झाल्या. हायकोर्टासाठी नाव गेल्याचं ऐकलं, पण पुढे काही घडलं नाही. त्या निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी शेवंताबाईंच्या अपिलाचा निकाल लागला. अपील मंजूर झालं. मी लगेच मॅडमना फोन केला.

"सगळा वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. मी पहिल्या ओळीपासून वाचला. अर्धा तास गेला असेल.

"चांगला लिहिलाय," शेवटी म्हणाल्या. "माझ्याहून बरा. शेवंताबाई काय म्हणाल्या?"

मला सांगावं लागलं, की निकालाच्या आदल्या उन्हाळ्यातच त्या वारल्या. निकाल ऐकायला त्यांची लेक आली होती.

मग मॅडम म्हणाल्या, "मी वाईट लिहिला असता, राऊत, तरी तिनं तो आयकला असता."