काम तिचं, सही माझी

सुनंदाच्या मेधाचा फोन आला तेव्हा मी माझ्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरत होते. नोंदणी नसेल तर शाळेत स्पीच थेरपी करता येत नाही. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. अर्ज तसाच राहिला... त्याला आता सहा आठवडे झाले.

सुनंदा आणि मी एकाच वयाच्या. निजामपुऱ्यातल्या आमच्या शाळेत मी डिग्रीवाली थेरपिस्ट, ती मदतनीस. मुलांसमोर मला मॅडम म्हणायची आणि रिक्षात बसलो की, "वंदे, आज फार शहाणपणा केलास हं." पादरा गावाहून येणारी हेतल सात वर्षांची होईपर्यंत बोललीच नव्हती. सुनंदा तिच्यासमोर बसून ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची आणि 'प' म्हणताना ती कशी हलते ते दाखवायची. असे तीन महिने गेले. एके दिवशी हेतलनं तोंडानं पाणी मागितलं. तिची आई माझ्या पाया पडली, कारण रिपोर्टवर सही माझी होती. सुनंदा दारात उभी राहून हसत होती. असे कितीतरी रिपोर्ट आहेत.

अडतिसाव्या वर्षी तिनं मनावर घेतलं. बारावीला तिचं सायन्स होतं, बायोलॉजीसकट. चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, मग नोंदणी. सगळं तिनं विचारून ठेवलं होतं. कॉलेजचं इंग्रजी माहितीपत्रक मात्र माझ्या हातात दिलं. तू हे शिकलीयेस, तूच नीट वाच, म्हणाली. मी वाचलं. त्यात वयाची अट कुठंच नव्हती. दोन दिवस ते माझ्या पर्समध्येच राहिलं. ती शिकायला गेली तर मुलं माझ्या एकटीच्या हाती येणार होती, आणि माझ्या हाताखाली ती तशी बोलत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी डबा खाता खाता म्हणाले, "वयाची अट आहे गं. पंचविशीच्या आत हवं."

तिनं पोळीचा तुकडा हातातच धरला. मग इथल्या गुजराती ढंगात म्हणाली, "चालो, अभ्यासातून सुटले."

पुढं चार वर्षांनी तपासणी झाली. नोंदणी नसलेली बाई मुलांना थेरपी देते, असा शेरा आला आणि शाळेनं तिला थेरपीच्या खोलीत यायची मनाई केली. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. ती नंदेसरीच्या एका कारखान्यात फोन घ्यायला लागली. शेवटपर्यंत तिथंच होती.

तेराव्याला मेधा माझ्याजवळ चहा घेऊन बसली. "आई नेहमी म्हणायची, वंदूनं वेळेवर सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी उगाच आशेवर राहिले असते." मी चहा संपवला आणि घरी आले.

आता थंडी पडायला लागली आहे. आवाजाची थरथर बघायला मुलाच्या गळ्याला हात लावण्याआधी सुनंदा आपले तळवे चहाच्या किटलीला लावून गरम करायची, पोर दचकू नये म्हणून. इतक्या वर्षांत मला ते कधी सुचलं नाही. काल मी किटलीला हात लावले आणि तशीच उभी राहिले... मुलं वाट बघत होती.

मेधा, वयाची अट नव्हती. तुझ्या आईला मी खोटं सांगितलं.