झाकून ठेवलेली तुकडी

मढच्या बर्थाकाकीच्या घरून कुणी उपाशी गेलंय, असं कधी झालं नाही. टपाल द्यायला आलेल्या माणसालाही ती भाकरी खाल्ल्याशिवाय सोडायची नाही. नवरा बर्नार्ड चिडवायचा, "तुला नाही म्हणताच येत नाही. उद्या कुणी होडी मागितली तर तीही देशील." त्यावर ती हसून त्यालाच आणखी वाढायची.

त्र्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या सेबॅस्टियन विक्रोळीहून कारखान्यातले तीन मित्र घेऊन आला. वर्सोव्याहून फेरीबोटीने पोरं उतरली ती खिदळतच. तसं या गावात फिरायला कोण मरायला येतंय? चहाचं धड हॉटेलसुद्धा नव्हतं. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला तसा एकाने नाकाला रुमाल लावला. "खायला आलायस ना यार, मग गप की," त्यांच्यातलाच मार्तंड त्याला म्हणाला.

"काका कुठे गं काकी?" सेबॅस्टियनने विचारलं.

"येतील," म्हणत काकी चुलीकडे वळली.

खरं तर मासेमारीला गेलेला बर्नार्ड काल संध्याकाळीच यायचा होता. रात्री वारा असा सुटला की कौलं हलली. बाकीच्या होड्या आल्या, त्याचीच नाही. शेजारचा दादू पहाटे शोधायला गेला, त्याचाही पत्ता नव्हता. पण पोरांना बोलावलं होतं तिनेच. आणि एकदा का तोंडातून शब्द काढला, की आपलं रडू थांबायचं नाही, याची तिला धास्ती. म्हणून शेजारणीकडून सरंगे मासे आणून ती तळत बसली. एक मोठी तुकडी तेवढी ताटलीत काढून तिने वर झाकण ठेवलं. ती बर्नार्डची.

पोरं जेवली, आणि काय जेवली म्हणता. काकी भाकरी वाढायची, दारात जाऊन समुद्राकडे बघायची, परत यायची. तिचा जीव टांगणीला लागलेला आणि या मंडळींचा ट्रान्झिस्टर जोरात.

मार्तंड खाण्याच्या बाबतीत भारीच आगाऊ. "काकी, त्या झाकणाखाली काय दडवलंय? येऊ दे की इकडे."

काकीचा हात सवयीने तिकडे गेला. झाकण उचललं आणि ती तशीच थांबली. ही तुकडी वाढायची म्हणजे तो आता येत नाही, हे आपणच ठरवायचं.

"नाही," ती म्हणाली. "ती नाही देणार."

मार्तंडचं तोंड उतरलं. सेबॅस्टियनने काकीचा चेहरा बघितला आणि ट्रान्झिस्टर बंद केला. "काका कधीपासून आले नाहीत?"

मग तिने सगळं सांगून टाकलं, कुणाकडे न बघता. खरकट्या हातांनीच पोरं किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली.

ऊन उतरता उतरता दादूची होडी दिसली. मागे दोराने बांधलेली बर्नार्डची. इंजिन बंद पडून तो रात्रभर वाऱ्याबरोबर वाहवत गेला होता. घरात आला, पोरांना बघून हसला आणि पाटावर बसला.

काकीने झाकण काढून ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"अगं, पाहुण्यांना दे की आधी."

"मागितली होती. मी नाही म्हटलं." आणि ती जी रडायला लागली, ती थांबेचना.

बर्नार्डने मोडलेला घास परत ताटलीत ठेवला. बर्थाने कुणाला तरी नाही म्हटलं होतं. तिची रात्र कशी गेली, ते त्याला आता कळलं.