चित्रातली सहावी चूक

अख्ख्या नाशिक रोडवर मी मनापासून कुणावर जळले असेन, तर ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांवर. माणूस वाईट असता तर निदान सुखाने जळता आलं असतं. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

काकांची सारी हयात इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये छापील कागदांतली खोट शोधण्यात गेली. काका निवृत्त झाले, डोळा काही झाला नाही. ताटातली पोळीसुद्धा खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. काकू वैतागायच्या, “अहो, पोळी आहे ती, नोट नाही! गिळा गपचूप.” माझ्या नव्या पैठणीचं सगळ्यांनी कौतुक केलं, काका म्हणाले, “काठातला चौथा मोर उलटा आहे.” होता मेला! पण विचारलं होतं कुणी? वर त्यांचं ठरलेलं वाक्य, “खोट सापडली की निम्मं काम झालं.”

मग लॉकडाऊन लागला. मी पंधरा वर्षं शाळेत शिकवलेली बाई, मोबाइल डब्याला टेकवून लोकांच्या मुलांना गणित शिकवत होते, आणि माझी तिसरीतली मुक्ता शेजारी बसून मुकी होत चालली होती. काहीही विचारा, नुसती मान हलवायची. जेवायला बस म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. माझा जीव टांगणीला लागला होता.

अशात काकांनी भाजीच्या पिशवीला दोरी बांधून गॅलरीतून चित्रं खाली सोडायला सुरुवात केली. एका चित्रात पाच चुका; पोरांनी त्या शोधायच्या. दुसऱ्याच दिवशी माझी मुकी पोर वर मान करून भांडत होती.

“काका, कोंबडीला कान काढलेत!”

“असतात गं, पिसांखाली.”

“मग तुमच्या कोंबडीचे बाहेर कसे?”

“बरं बाई, सहा चुका!”

ती खदखदून हसली. मला आनंद झाला असं म्हणायला हवं, पण खरं सांगते, पोटात दुखलं. बी.एड. मी केलं, नऊ महिने मी वाहिली, आणि कळी खुलली ती काकांच्या कोंबडीने!

मग मीही इरेला पेटले. आमच्याच घराचं चित्र काढलं. पंखा जमिनीवर, घड्याळात तेरा आकडे, मांजराला शिंगं, अशा पाच चुका. मुक्ताने पाचही चुका पटापट शोधल्या. मग जरा थांबून तिने सहावा गोल केला, ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या हसऱ्या तोंडाभोवती.

“ही कसली चूक?”

“तू कुठे हसतेस?” ती हळूच म्हणाली. “वर्ग संपला की ओरडतेसच नुसती. मला भीती वाटते.”

तिला पोटाशी धरून मी खूप रडले. संध्याकाळी ते चित्र पिशवीत घालून वर पाठवलं. काकांनी ते उजेडात धरून पाहिलं. मग कठड्यावरून वाकून एवढंच म्हणाले, “निम्मं झालं, बाई.” उरलेलं निम्मं करायला मला पुढे कितीतरी महिने लागले.

मुक्ता आता नववीत आहे. काकांची नजर अधू झालीय, म्हणून आता ती चित्रं काढते आणि पिशवी वर जाते. काकांना पाचातल्या जेमतेम तीन चुका सापडतात. ती खालून ओरडते, “पाचही बरोबर, काका!”

माझी मात्र तिने एकही चूक सोडली नव्हती. अजून जळते मी.