राहू द्या, कामी येते

आमच्या खामगावच्या गल्लीतली एक पोरगी रविवारी घरच्या ओसरीत चांदीच्या मातीचे दागिने शिकवते. ही माती मळून घडवायची, वाळवून भट्टीत भाजायची, की निव्वळ चांदी उरते. तिला काहीच फेकवत नाही. तुटका ब्रश असो की वाकडी टाचणी, तिचं एकच म्हणणं, "राहू द्या, कामी येते." बोलताना हात ओढणीला पुसते, म्हणून ओढणीही चकाकते.

मी लॉकेट करायला बसले आणि सवयीने भाकरीसारखा पाण्याचा हात लावत गेले. महागाच्या मातीचं पिठलं झालं. तिच्या वयाची असताना मी बिघडलेली भाकर सासूने बघायच्या आत म्हशीला चारायची आणि स्वतःला फार हुशार समजायची. इथे म्हैस कुठून आणू? मी पिठल्याची वाटी पदराखाली सरकवली.

"काऊन लपवून राह्यल्या, आजी? द्या इकडे." वाटी घेऊन ती सगळ्यांना म्हणाली, "कोणाच्या कानातल्याले वाळताना चीर गेली? आजीनं मस्त लेप केला, यानंच भरा."

बायका ब्रश घेऊन माझ्यापुढे रांगेत उभ्या राहिल्या.

आता गल्लीत कोणाच्या कानात ती कानातली दिसली, की मी त्या पोरीला मनातल्या मनात दुवा देते आणि बाईला थांबवून सांधा बघते. माझाच असतो.